स्वभाव पाहून जर्मन शिकवणारी ऑनलाइन सेवा: कलचाचणी उत्तम, शिक्का अपायकारक

'आधी तुम्हाला ओळखू, मग भाषा शिकवू' असं सांगणाऱ्या एका ऑनलाइन सेवेतून मी आणि माझा धाकटा भाऊ जर्मन शिकतो आहोत. अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली आणि आता बी-वन पातळीच्या, म्हणजे युरोपीय मापनातल्या सहापैकी तिसऱ्या पायरीच्या, मध्यावर आहोत. म्हणजे सेवेचे सगळे भाग वापरून झालेत: प्रवेशचाचणी, ॲपमधले धडे, शिक्षिकेबरोबरचे तास, गटातल्या गप्पा. सेवेचं नाव मी लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाही. तुमचा स्वभाव आणि बुद्धी मोजून अभ्यासक्रम बेतून देतो, असं आश्वासन देणारे आता बरेच झालेत, आणि त्या आश्वासनात किती तथ्य आहे हे पैसे भरण्याआधी माणसाला कळलं पाहिजे.

माझं मत आधीच सांगून टाकते. यांची कलचाचणी आणि तिच्यावर बेतलेले धडे खरोखर चांगले आहेत. बुद्धिमत्तेच्या कोड्यांचा भाग काढून टाकला तरी काही बिघडणार नाही. आणि स्वभावाचा जो शिक्का मारतात, त्यानं शिकणाऱ्याचं नुकसान होतं.

आम्ही दोघं कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या लिखाणातले ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, कर्त्याशी न जुळणारी क्रियापदं शोधण्यात माझा दिवस जातो. बोलणं कमी, आणि अनोळखी माणसांत तर फारच कमी. भाऊ छपाईयंत्रं दुरुस्त करतो. यंत्रांच्या मूळ पुस्तिका जर्मनमध्ये असतात आणि अडलं की तिकडच्या तंत्रज्ञाला फोन लावावा लागतो, म्हणून त्याला भाषा हवी. मला जर्मन बालसाहित्य मुळातून वाचायचंय. दोघं एकाच घरात वाढलो, मातृभाषा एक, शाळा एक, आणि स्वभाव मात्र दोन टोकांचे. या सेवेचा दावा पारखायला याहून सोयीची जोडी मिळणं अवघड होतं.

प्रवेशचाचणीचा पहिला भाग म्हणजे कलचाचणी, साधारण तासाभराची. आधी एका बनावट भाषेतले आकडे ऐकवतात, थोडा सराव देतात आणि मग भराभर म्हटलेले आकडे टिपायला लावतात. त्यानंतर अनोळखी चिन्हं आणि त्यांचे आवाज यांची सांगड घालायची. मग वाक्यातल्या शब्दाचं काम ओळखायचं. मग शब्दांच्या जोड्या पाठ करायच्या. या विषयातलं थोडं वाचलेल्याला हा आराखडा लगेच ओळखीचा वाटेल. जॉन कॅरोल आणि स्टॅन्ली सॅपन यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या भाषा-अभिक्षमता चाचणीचा हा सरळ वंश आहे. परकी भाषा कोणाला लवकर येईल याचा अंदाज बांधण्यासाठी कॅरोल यांनी त्या क्षमतेचे चार भाग मानले: ऐकलेला आवाज चिन्हाशी जोडून डोक्यात ठेवणं, वाक्यात कुठला शब्द काय काम करतो हे जाणवणं, शब्दांच्या जोड्या घोकून लक्षात ठेवणं, आणि उदाहरणांवरून स्वतःच नियम काढणं. हा चौथा भाग त्यांच्या चाचणीत फारसा मोजला जात नव्हता. या सेवेनं तो वेगळा घातलाय. अस्तित्वात नसलेल्या भाषेतली छोटी वाक्यं आणि त्यांची चित्रं दाखवतात, आणि काही वेळानं नवीन चित्राला कोणतं वाक्य बसेल ते विचारतात. मला हा भाग सगळ्यात आवडला.

वाक्यातल्या शब्दाचं काम ओळखणं म्हणजे काय, ते मराठीत असं सांगता येईल. 'तिनं मुलाला उचललं' आणि 'तिनं मुलाला पुस्तक दिलं'. दोन्हीकडे 'मुलाला' हाच शब्द, हाच प्रत्यय, पण पहिल्या वाक्यात मूल उचललं गेलंय आणि दुसऱ्यात मुलाला काही मिळालंय. व्याकरणाच्या संज्ञा ठाऊक नसल्या तरी हा फरक काहींना चटकन जाणवतो, काहींना दाखवल्याशिवाय दिसत नाही. जर्मनमध्ये या दोन कामांसाठी दोन वेगळ्या विभक्ती लागतात, त्यामुळे ज्याला तो जाणवतो त्याचं ओझं पहिल्या आठवड्यापासूनच हलकं होतं.

चाचणीचा निकाल एका गुणात देत नाहीत, चार पट्ट्यांत देतात. यासाठी मी त्यांना मनापासून शाबासकी देते. एकच आकडा दिला असता तर मी आणि भाऊ जवळपास सारखे निघालो असतो आणि दोघांना एकच धडे मिळाले असते. पट्ट्या पाहिल्यावर चित्र वेगळं होतं. शब्दांच्या कामाची माझी पट्टी उंच, आवाजाची ठेंगणी. भावाचं नेमकं उलट. पाठांतरात दोघं मध्यम.

आवाजाची पट्टी ठेंगणी का, याचा मी बराच विचार केला. कामात मी ऱ्हस्व-दीर्घ रोज तपासते, पण ते डोळ्यांनी आणि नियमांनी. रोजच्या बोलण्यात आपण इकार-उकाराची लांबी काटेकोर पाळत नाही, त्यामुळे कानाला त्या फरकावर विसंबायची सवयच नाही. जर्मनमध्ये 'बिटन' म्हणजे विनंती करणं आणि 'बीटन' म्हणजे देऊ करणं. तिथं लांबीवर अर्थ ठरतो आणि संदर्भ दर वेळी मदतीला येत नाही.

सेवेनं यावर जे केलं ते फार चांगलं. माझ्या सुरुवातीच्या धड्यांत वाचायला जवळजवळ काही नव्हतं. अशा जोड्या ऐकायच्या आणि कुठली ऐकली ते निवडायचं. लिखित शब्द उत्तर दिल्यावरच दिसायचा. शिवाय दर वेळी आवाज वेगळा: बाई, पुरुष, म्हातारं माणूस, घाईत बोलणारी मुलगी. यामागे भक्कम संशोधन आहे. जपानी भाषकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू यावेत म्हणून १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी अनेक भाषकांच्या आवाजांत असाच सराव देऊन पाहिला होता आणि त्यांचा कान सुधारला होता. एकाच शिक्षकाचा आवाज ऐकत राहिलं की कान त्या माणसाला ओळखायला शिकतो, ध्वनीला नाही. मला फरक जाणवायला वेळ लागला, पण तो जाणवला आणि टिकला.

भावाला पहिल्या दिवसापासून अख्खी वाक्यं मिळाली. ऐकायची, जशीच्या तशी म्हणायची, मग त्यातला एकेक तुकडा बदलायचा. नाम कधीच एकटं दाखवत नाहीत, सोबत 'देर', 'दी' किंवा 'दास' असतंच, आणि तिन्ही लिंगांना तीन रंग. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं हे त्याला नियम म्हणून न सांगता अशा वाक्यांची रांगच ऐकवली. त्याला ते तालासारखं पाठ झालं.

क्षमतेच्या ठेवणीप्रमाणे शिकवण्याची पद्धत बदलली तर फायदा होतो, याचा एक जुना आणि चांगला दाखला आहे. कॅनडातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या भाषावर्गांत मार्जरी वेश यांनी शिकणाऱ्यांच्या पट्ट्या पाहून त्यांना वेगवेगळ्या पद्धतीच्या वर्गांत बसवलं होतं. कोणी विश्लेषण करत शिकणारे, कोणी वापरातून. पद्धत जुळलेल्यांची प्रगती न जुळलेल्यांपेक्षा चांगली झाली, असं त्यांनी १९८१ मध्ये मांडलं. या सेवेचा पाया इथं खरा आहे.

एक तक्रार मात्र याच भागात. पाठांतराच्या पट्टीवरून रोज किती नवे शब्द द्यायचे ते ठरवतात, आणि तो आकडा आपल्याला बदलता येत नाही. शाओफेंग ली यांनी २०१६ मध्ये अभिक्षमतेवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पूर्ण चाचणीचा एकूण भाषाप्रावीण्याशी चांगला संबंध दिसला (सहसंबंध ०.४९; पूर्ण जुळलं तर तो १ असतो), पण शब्दसंग्रह आणि लेखन यांचा अंदाज या चाचण्यांवरून नीट येत नाही, आणि पाठांतराच्या भागाचा तर एकूण प्रावीण्याशीही संबंध क्षीणच. म्हणजे ज्या पट्टीवर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा, तिच्यावरून यांनी माझ्या शब्दांचं माप ठरवलं. वाचनासाठी मला भरपूर शब्द हवे होते. ते मी शेवटी ॲपच्या बाहेर, माझ्या वहीतच गोळा केले.

बुद्धिमत्तेच्या भागाबद्दल थोडक्यात. आकृत्यांची कोडी असतात: तीन ओळी, तीन स्तंभ, नववी आकृती कोणती? निकालात त्याला 'शिकण्याचा वेग' म्हणतात आणि त्यावरून धड्यांची गती ठरते. भावाची गती त्यांनी 'मंद' ठेवली. दिवसभर यंत्राचे आवाज ऐकून कुठला रूळ घासतोय ते सांगणाऱ्या माणसाला हे वाचावं लागलं, याचा मला राग आला.

राग बाजूला ठेवला तरी हे शास्त्राला धरून नाही. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास फ्रेड जेनेसी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. बुद्ध्यांकाचा संबंध वाचन आणि व्याकरण अशा शालेय कौशल्यांशी दिसला; ऐकून समजणं आणि बोलणं यांत कमी बुद्ध्यांकाची मुलं मागे नव्हती. त्याहून ठळक उदाहरण नील स्मिथ आणि इआन्थी सिम्पली यांनी १९९५ मध्ये पुस्तकरूपानं मांडलं. त्यांनी अभ्यासलेल्या इंग्लंडमधल्या एका माणसाचा आकृत्या-कोड्यांचा बुद्ध्यांक इतका कमी होता की त्याला स्वतंत्रपणे राहता येत नव्हतं, आणि त्याला पंधरा-वीस भाषा कमीअधिक प्रमाणात येत होत्या. त्यांनी त्याला मुद्दाम रचलेली एक भाषाही शिकवली. तिच्यात मानवी भाषांत न आढळणारे नियम घातले होते. उदाहरणार्थ, जोर दाखवणारा प्रत्यय अर्थ न पाहता वाक्यातल्या तिसऱ्या शब्दाला लावायचा. हे त्याला जमलं नाही. भाषेसारखी असलेली भाषा तो भराभर शिकायचा, गणितासारखा नियम आला की अडायचा. भाषा शिकण्याचं बळ आणि कोडी सोडवण्याचं बळ एकमेकांत थोडं मिसळलेलं असेल, लींच्या पाहणीतही तसंच दिसतं, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकृती ओळखता आली नाही म्हणून कुणाला फोनवर बोलायला हळू शिकवण्याचं काही कारण नाही.

आता स्वभावाकडे येते. माझा खरा आक्षेप इथं आहे.

पंचावन्न-साठ प्रश्न असतात. 'समारंभानंतर मला थकवा येतो', 'मी निर्णय मनानं घेते की विचारानं', अशा धर्तीचे. उत्तरं दिली की एक नाव मिळतं. मला 'शांत निरीक्षक' मिळालं, भावाला 'मुक्त संवादक'. सोबत दोन पानी वर्णन. माझ्या वर्णनात होतं की तुम्ही वरून संयमी दिसता पण आतून कधीकधी साशंक असता, तुमच्यात अजून वापरली न गेलेली क्षमता आहे, स्वतःवर तुम्ही कडक टीका करता. वाचताना वाटतं, बरोबर, ही मीच. असं वाटायला लावणं किती सोपं आहे, ते बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्येच दाखवून दिलं होतं. आपल्या विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेऊन त्यांनी प्रत्येकाला 'त्याचं' वर्णन दिलं, आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. मी आणि भावानं एकमेकांची पानं अदलाबदल करून वाचली. त्याला माझं पान स्वतःचंच वाटलं.

वर्णन कितीही गुळगुळीत असलं तरी त्यानं कुणाचं वाईट होत नाही. अपाय होतो तो त्यावरून ठरणाऱ्या अभ्यासक्रमानं. 'शांत निरीक्षक' म्हणून मला ए-टू, म्हणजे दुसरी, पातळी संपेपर्यंत संवादाचे तास दिलेच नाहीत. वाचन, ऐकणं, लेखन, पुन्हा वाचन. ॲप सांगायचं, 'तुमच्यासारख्यांना आधी पाया पक्का लागतो.' भावाला पहिल्या आठवड्यापासून गटात गप्पा, आणि व्याकरणाचे लेखी धडे बंद, कारण 'तुमच्यासारख्यांना नियमांचा कंटाळा येतो.' ज्याला जे आधीच जमतं तेच त्याला अजून द्यायचं, आणि जिथं तो अडतो तिथं त्याला जाऊच द्यायचं नाही, असा हा हिशेब.

कलचाचणीत त्यांनी याच्या उलट केलं होतं, हे लक्षात घ्या. माझा कान कच्चा, म्हणून कानाला काम दिलं. तिथं मोजमापाचा उपयोग मदत कुठं हवी हे ठरवायला झाला. स्वभावाच्या बाबतीत मात्र तेच मोजमाप दार लावून घ्यायला वापरलं. एकाच कंपनीत हे दोन विचार शेजारी शेजारी कसे नांदतात, मला कळत नाही.

परिणाम दोघांनाही दिसला. मी बालसाहित्यातली सोपी गोष्ट वाचू लागले होते आणि 'तुमचं नाव काय' याच्या पुढचा कुठलाही प्रश्न कानावर आला की गप्प बसत होते. भाऊ तिकडच्या तंत्रज्ञाशी फोनवर खुशाल बोलत होता आणि सगळी नामं एकाच लिंगात दडपत होता. मी टोकलं की म्हणायचा, "ताई, त्याला कळलं ना? मग झालं तर." त्याला कळत होतंच. पण मग एका बिघाडाचं वर्णन ईमेलनं लिहून पाठवायची वेळ आली. ज्या विभक्ती बोलताना हातवाऱ्यांत आणि 'म्हणजे ते हे' यांत खपून जातात, त्या कागदावर खपल्या नाहीत. काय कशावर घासतंय हेच उलटं झालं. पाठवण्याआधी आम्ही दोघं ते वाक्य घेऊन बराच वेळ बसलो होतो.

बोलका माणूस भाषा चांगली शिकतो आणि अबोल मागे पडतो, ही समजूत शिक्षकांतही खोल रुजलेली आहे. संशोधनात तिला फारसा आधार मिळत नाही. नायमन, फ्रोलिश, स्टर्न आणि टोडेस्को यांनी १९७८ मध्ये भाषा उत्तम शिकणाऱ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला; बहिर्मुखता आणि चाचण्यांतलं यश यांत त्यांना संबंध सापडला नाही. पुढे १९९९ मध्ये झाँ-मार्क दवेल आणि एड्रियन फर्नहॅम यांनी या निष्कर्षाकडे पुन्हा पाहिलं. बहुतेक अभ्यास लेखी चाचण्यांवर बेतलेले होते, म्हणून काही दिसत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. बोलण्याच्या ओघात फरक दिसतो. बहिर्मुख माणसं अधिक सहज बोलतात, आणि ताणाचा प्रसंग असला की हा फरक वाढतो. म्हणजे स्वभावाचा परिणाम आहे, पण तो बोलण्याच्या ओघावर आणि दडपणाखाली. किती भाषा येते यावर तो तसा दिसत नाही. आमचं दोघांचं चित्र याच्याशी तंतोतंत जुळतं. आणि यातून निघणारा सल्ला सेवेच्या सल्ल्याच्या उलट आहे: अबोल माणसाला दडपण कमी असलेल्या जागी लवकर बोलतं करा.

दुसरा घोळ असा, की या प्रश्नावलीनं अंतर्मुखता आणि भीती एकाच पोत्यात कोंबल्यात. मला एकटं बसून काम करायला आवडतं, हा माझा स्वभाव. परक्या भाषेत विचारलं की छातीत धडधडतं, ही वेगळी गोष्ट. मराठीत मला लेखकाशी तासभर वाद घालता येतो. एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातली चिंता मोजण्यासाठी ३३ विधानांची मापनपट्टी तयार केली ती याचसाठी. ही चिंता त्या वर्गाशी, त्या प्रसंगाशी बांधलेली असते. चारचौघांत हुशार आणि हजरजबाबी असणाऱ्या माणसाला परभाषेत अचानक लहान मुलाएवढंच बोलता येतं, आणि ते त्याला सोसत नाही. बोलकी माणसंही यातून सुटत नाहीत. गटातल्या गप्पांत एक वकीलबाई होत्या. आपल्या भाषेत न्यायालय गाजवणाऱ्या. जर्मनमध्ये त्यांचा आवाज कापायचा. त्यांच्यावरही 'मुक्त संवादक' असाच शिक्का होता, त्यामुळे ॲपनं त्यांना थेट पाच जणांच्या गटात ढकललं होतं. त्यांनी पुढे सेवा सोडली.

चिंता सरावानं, प्रसंग बदलून कमी करता येते. स्वभाव बदलायची गरजच नसते. हा फरक ज्या चाचणीला दिसत नाही, तिनं कुणाचा अभ्यासक्रम ठरवू नये.

शिवाय ही नावं टिकाऊही नाहीत. ए-टूच्या शेवटी मी तेच प्रश्न पुन्हा सोडवले आणि या वेळी मी 'विचारी नियोजक' निघाले. एकदोन उत्तरं मधल्या रेषेच्या अलीकडची पलीकडे गेली असतील. मानसशास्त्रात आज स्वभावाची मोजणी बहुधा पाच पट्ट्यांवर होते आणि बहुतेक माणसं प्रत्येक पट्टीच्या मधल्या भागात असतात. मधोमध रेषा मारून इकडचे आणि तिकडचे असे गट पाडले की रेषेजवळची माणसं कुठंही पडतात. ज्या कंपनीला कलचाचणीत चार पट्ट्या दाखवण्याचं शहाणपण सुचलं, तिनं स्वभावालाही पट्ट्याच ठेवायला हव्या होत्या. तीच गोष्ट 'दृश्य' आणि 'श्राव्य' शिकणाऱ्यांची. हा आणखी एक शिक्का निकालात शेवटी येतो. शिकण्याच्या अशा शैलीप्रमाणे शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच सगळं साहित्य तपासून लिहिलंय. निकालातला तो परिच्छेद वाचू नका.

इतकं असूनही मी सेवा सोडली नाही, याचं कारण आमची शिक्षिका. ए-टूनंतर तिच्याबरोबर तास सुरू झाले. पहिल्याच तासाला तिनं माझं स्वभावाचं पान उघडून पाहिलं आणि बंद केलं. म्हणाली, "ताई, हे राहू द्या. तुम्हाला कशाची भीती वाटते तेवढं मला सांगा." मी सांगितलं: मध्येच अडवून चूक दाखवली की मला पुढचं सुचत नाही, आणि उत्तर तयार करायला वेळ लागतो.

तिनं दोनच गोष्टी बदलल्या. प्रश्न विचारला की ती मला अर्धा मिनिट देते. त्या वेळात मी कागदावर चार शब्द टिपते, वाक्य नाही. आणि बोलणं पूर्ण होईपर्यंत ती टोकत नाही. चुका स्वतःकडे लिहून ठेवते आणि शेवटी त्यांतल्या तीनच सांगते. बाकीच्या पुढच्या वेळी. ते अर्धं मिनिट हळूहळू आपोआप कमी होत गेलं, तिनं कधी घड्याळ लावलं नाही. मग तिनं भूमिका दिल्या. तुम्ही स्टेशनवरच्या चौकशी खिडकीत बसला आहात. तुम्ही त्रासलेल्या ग्राहक आहात. दुसऱ्या कुणाचं सोंग घेतलं की माझा आवाज मोकळा होतो आणि उच्चारसुद्धा सुधारतात, हे मला तेव्हा कळलं. अलेक्झांडर गुइओरा यांनी १९७२ मध्ये यासारखंच काही प्रयोगात पाहिलं होतं. माणसाची स्वतःबद्दलची आतली तटबंदी थोडी सैल झाली की परक्या भाषेतले उच्चार सुधारतात. त्यांनी ती अगदी थोड्या मद्यानं सैल केली होती. शिक्षिकेनं नाटकानं केली.

भावाशी ती वेगळं वागते. त्याला पहिली पाच मिनिटं हवं ते बोलू देते, ती त्याची ताकद. मग त्याच बोलण्यातली दोन वाक्यं त्याच्याकडून लिहवून घेते. त्याच्याच तोंडची, यंत्रांबद्दलची. व्याकरणाच्या पुस्तकातल्या वाक्यांना तो जांभया देतो, पण 'वरचा रूळ खालच्या रुळाला घासतो' या वाक्यात घासणारा कोण आणि घासला जाणारा कोण, यावर तो स्वतःहून थांबतो. चूक झाली तर यंत्र चुकीचं दुरुस्त होईल, हे त्याला कळतं. विभक्ती त्याच्या डोक्यात अशी शिरली. ज्याला 'मंद' म्हटलं होतं त्याच्या ईमेलमध्ये आता मला दुरुस्तीला फारसं सापडत नाही.

बाकीच्या गोष्टी पटापट. ॲपमधली शब्दांची उजळणी वाढत्या अंतरानं येते आणि ती व्यवस्थित चालते. ध्वनिमुद्रणाचा दर्जा उत्तम. लेखी उत्तरं तपासणारं यंत्र बरोबर पण वेगळी रचना असलेलं वाक्य चूक ठरवतं, त्यावर विसंबू नका. तक्रारींना उत्तर येतं, मात्र सावकाश. गटातल्या गप्पांत दोन-तीन जणांचा गट निवडता येतो, पण तो पर्याय आपण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. अबोल माणसांनी तो नक्की मागावा. तिघांच्या गटात बोलायची पाळी ठरलेली असते, त्यामुळे बोलक्या माणसाला वाट करून देत बसावं लागत नाही.

कुणी घ्यावी? ज्यांना कान, व्याकरण, नियम काढणं यांतलं आपलं कच्चं-पक्कं जाणून घ्यायचंय त्यांनी जरूर घ्यावी. इतकी नीट बांधलेली कलचाचणी मी दुसरीकडे पाहिली नाही. ज्यांना फक्त ॲपवर शिकायचंय, शिक्षक नकोय, त्यांना मी ही सेवा सुचवणार नाही, कारण शिक्का चुकला तर तो पुसणारं ॲपमध्ये कुणी नाही. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. संवादाचे तास पहिल्या पातळीपासून मिळतील का? धड्यांची गती आणि शब्दांची संख्या आपल्याला बदलता येईल का? शिक्षकाला निकाल बाजूला ठेवून स्वतःच्या मतानं शिकवायची मुभा आहे का? आमच्या शिक्षिकेला ती होती की तिनं ती घेतली, हे मी विचारलेलं नाही.

मी कंपनीला हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं होतं. गतीबद्दल उत्तर आलं नाही. स्वभावचाचणी मात्र आता ऐच्छिक केली आहे: प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर अगदी तळाशी, फिकट अक्षरांत 'वगळा' असं बटण आहे. ते दाबलं की संवादासकट सगळे धडे उघडे मिळतात.